कल्चर रिपोर्टात 'सेन्सिटिव्ह', तरी इन्फेक्शन परत: बॅक्टेरिया स्वतःलाच विष का पाजतात?

पेट्रीडिश (धागाकर्ती)

इथल्या आरोग्याच्या धाग्यांवर एक वाक्य सारखं वाचायला मिळतं, "औषध लागू पडत नाहीये म्हणजे जंतूंना रेझिस्टन्स आलाय". पुष्कळदा ते खरं असतं. पण दरवेळी नसतं, आणि जेव्हा नसतं तेव्हा नक्की काय चाललेलं असतं याबद्दल मराठीत फार कुणी लिहीत नाही, म्हणून हा उपद्व्याप. मी मायक्रोबायोलॉजीवाली आहे, डॉक्टर नाही, तेव्हा कुठली गोळी घेऊ हे कृपया विचारू नये.

तर १९४४ साल. पेनिसिलिन नवीन होतं, महायुद्ध चालू होतं, आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले जोसेफ बिगर नावाचे बॅक्टेरियॉलॉजीचे प्रोफेसर स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूच्या नळीत पेनिसिलिन टाकून बघत होते की नळी पूर्ण साफ होते का. होईना. साधारण दहा लाखात एखादा जंतू उरायचाच. आता कुणीही म्हणेल तो रेझिस्टंट असणार, म्हणून बिगरनी तो उरलेला वाढवला आणि त्याच्या पिल्लावळीवर परत पेनिसिलिन टाकलं, तर ती पिल्लावळ पहिल्यासारखीच पटापट मेली आणि पुन्हा तेवढेच चुकार उरले. म्हणजे वाचण्याचा गुण पुढच्या पिढीत गेलाच नव्हता. या उरलेल्यांना त्यांनी पर्सिस्टर नाव दिलं.

यातली मेख अशी की पेनिसिलिन जंतूची भिंत बांधली जात असताना घाव घालतं. जो भिंत बांधतच नाहीये, वाढत नाहीये, विभागत नाहीये, त्याचं ते फारसं काही बिघडवू शकत नाही. बिगरनी तेव्हाच अंदाज केला होता की हे जंतू कामधंदा बंद करून बसलेले असावेत.

पण बसतात कसे? त्याचा पहिला धागा १९८३ मध्ये सापडला. हॅरिस मॉयेड आणि केविन बर्ट्रांड यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचे असे म्युटंट (जनुकात बदल झालेले) शोधले की ज्यांच्यात अँपिसिलिननंतर (हे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं) उरणारे कितीतरी पट जास्त होते, नेहमी लाखात एखादा तर इथे शंभरात एक. पण औषधाच्या ज्या डोसला साध्या ई. कोलायची वाढ थांबते त्याच डोसला यांचीही थांबत होती, म्हणजे रेझिस्टन्स शून्य. बदल सापडला हिपए नावाच्या जनुकात, आणि हिपए निघालं एक टॉक्सिन.

टॉक्सिन म्हटलं की घटसर्प, कॉलरा, धनुर्वात डोळ्यासमोर येतात. ही विषं तसली नाहीत. जंतू ती बाहेर सोडत नाही, आपल्याला त्यांचा थेट त्रासही नाही. ती त्याच्याच पेशीत, त्याच्याच यंत्रणेवर चालतात. प्रत्येक विषाबरोबर त्याचा उतारा असतो आणि बहुतेक वेळा दोन्हीची जनुकं शेजारी शेजारी असतात. विष टिकाऊ, उतारा नाशवंत, सतत नवा बनवावा लागतो. खाऊनपिऊन सुखी असताना उतारा विषाला मिठी मारून बसलेला असतो. अडचण आली, उतारा कमी पडला, की विष मोकळं.

मोकळं झाल्यावर काय करतं ते प्रत्येकाचं वेगळं. मॅझएफ नावाचं विष एमआरएनएचे (जनुकाचा निरोप नेणाऱ्या रेणूचे) तुकडे करतं, आणि तेही जिथे ए-सी-ए असा क्रम दिसेल तिथेच. हिपएची गंमत जास्त आहे. प्रथिनं बनवताना ग्लुटामिक अॅसिड त्याच्या टीआरएनएवर (अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या रेणूवर) चढवणारं एक एन्झाइम असतं, हिपए त्याला फॉस्फेट चिकटवून निकामी करतं. मग रिकामे टीआरएनए रायबोसोमपाशी (प्रथिनं जोडणाऱ्या यंत्रापाशी) जाऊन तटतात, पेशीला वाटतं दुष्काळ पडला, पीपीजीपीपी नावाचा धोक्याचा रेणू वाढतो आणि सगळा कारखाना बंद. खरं तर खायला भरपूर असतं! हे हिपएचं नेमकं काम कळायला २०१३ उजाडलं, जनुक सापडल्यावर तीस वर्षं.

सध्या एवढंच. शंका विचारा.

वऱ्हाडी_ठेचा

बाप्पा, लयच भारी. मले एक सांगा, सोताच सोताले जहर देते तर मरत काऊन नाई ते?

पेट्रीडिश

@वऱ्हाडी_ठेचा, मरतात की काही! लॅबमध्ये आपण मुद्दाम विष जास्त बनवायला लावलं आणि उतारा दिला नाही तर बऱ्याच पेशी परत उठतच नाहीत. सगळा खेळ प्रमाणाचा आहे. हिपएच्या बाबतीत २०१० मध्ये दाखवलं गेलं की त्याची एक पातळी आहे, त्याच्या खाली पेशी मजेत वाढते, वर गेली की थांबते, आणि किती वर गेली त्यावर किती वेळ थांबणार ते ठरतं. आणि सगळ्या पेशींचं जनुक एकच असलं तरी प्रत्येकीत विषाचे रेणू मोजून तेवढेच नसतात, कुणात चार कमी कुणात चार जास्त. जिच्यात योगायोगाने जास्त झाले ती बसली. त्यामुळे कोण वाचणार हे बरंचसं नशिबावर.

शंकेखोर

लेख छान. पण "कामधंदा बंद करून बसलेत" हे ठरवलं कुणी? औषध टाकल्यावर काही जणांनी घाईघाईत दुकान बंद केलं असंही असू शकतं. आणि मुळात लाखात एक असलेला जंतू शोधायचा कसा, तो तर आधी दिसणारच नाही.

पेट्रीडिश

@शंकेखोर, आयडी सार्थ केलात :) दोन भागात सांगते.

पहिला भाग, मोजायचं कसं. रात्रभर वाढवलेलं कल्चर सकाळी ताज्या ब्रॉथमध्ये पातळ करायचं, वाढीला लागलं की अँपिसिलिन टाकायचं, आणि दर तासाला थोडं काढून औषध धुऊन टाकून प्लेटवर पसरायचं. दुसऱ्या दिवशी कॉलन्या मोजायच्या. एक कॉलनी म्हणजे एक वाचलेला जंतू. आलेख काढला की आधी रेषा सरळ खाली कोसळते, दोनतीन तासांत ९९.९ टक्के गारद, आणि मग ती रेषा वाकते आणि जवळजवळ आडवी चालू लागते. ती आडवी शेपटी म्हणजे पर्सिस्टर. सगळे रेझिस्टंट असते तर रेषा कोसळलीच नसती, सगळेच साधे असते तर थेट शून्याला गेली असती. धुणं नीट झालं नाही तर प्लेटवर औषध राहतं आणि आकडा खोटा कमी येतो, नव्या पोरांचा पहिला आलेख हमखास असाच असतो.

दुसरा भाग, आधी की नंतर. २००४ मध्ये नताली बालाबान आणि मंडळींनी सायन्समध्ये पेपर काढला. बारीक खाचा असलेल्या चिपमध्ये त्याच हिपए म्युटंटच्या पेशी रांगेत बसवल्या आणि मायक्रोस्कोपखाली सतत फोटो. आधी नुसतं खायला, मग अँपिसिलिन, मग परत खायला. शेवटी जी पेशी वाचली तिचा फोटोपट उलटा फिरवून बघितला तर ती औषध यायच्या आधीपासूनच थांबलेली होती, शेजारच्या रांगा वाढून वाढून भरल्या तरी ही आपली ढिम्म. म्हणजे त्या म्युटंटपुरतं तरी उत्तर "आधी".

पण तुमचंही बरोबर आहे, "नंतर" वालेही असतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक डीएनएचं नुकसान करतं, त्याने ई. कोलायची एसओएस नावाची दुरुस्तीची यंत्रणा जागी होते आणि त्या यंत्रणेच्या हुकमाने टिसबी नावाचं विष बनतं. जेमतेम २९ अमिनो आम्लांचं पिटुकलं, पेशीच्या आतल्या पडद्यात जाऊन भोक पाडतं, ऊर्जा गळते, एटीपी (पेशीचं इंधन) खाली येतं, पेशी थंड. आणि थंड पेशीत सिप्रोचं काही चालत नाही. किम लुईस यांच्या गटाने २०१० मध्ये हे दाखवलं. म्हणजे औषधच जंतूला औषधापासून वाचायची वाट दाखवतं.

बॉस्टनवासी

+१. लुईस इथेच नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीत असतात. माझ्या रूममेटचा विषय हाच होता, रात्री अडीचला प्लेट मोजायला जायचा आणि वैतागून यायचा. वाचतोय.

नीलपरी

ताई, हे वाचून अंगावर काटा आला कारण हे माझंच चाललंय. वर्षभर युरिन इन्फेक्शन परत परत होतंय, दरवेळी कल्चरमध्ये ई. कोलाय आणि दरवेळी त्याच गोळीसमोर एस, म्हणजे सेन्सिटिव्ह. गोळी घेतली की चार दिवसांत बरं, महिना दीड महिना गेला की परत जळजळ सुरू. मी तर लॅबवाल्याशी भांडून आले की तुमचा रिपोर्टच चुकीचा आहे, तो बिचारा म्हणाला मॅडम प्लेट दाखवू का.

पेट्रीडिश

@नीलपरी, प्लेट बघायला हवी होतीत, मस्त दिसते.

तुमच्या बाबतीत काय आहे ते मी सांगू शकत नाही. पण लॅबवालाही बरोबर आणि तुमचा त्रासही खरा, असं होऊ शकतं. तो काय करतो बघा. तुमच्या लघवीतला ई. कोलाय प्लेटवर दाट पसरतो, वर औषधाच्या कागदी चकत्या ठेवतो, रात्रभर ३५ डिग्रीला ठेवून सकाळी प्रत्येक चकतीभोवती किती मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ पडलंय ते मोजतो. वर्तुळ ठरल्यापेक्षा मोठं तर एस. म्हणजे या टेस्टने एकच प्रश्न विचारलाय, औषध असताना हा जंतू वाढू शकतो का. उत्तर "नाही". पण त्या स्वच्छ वर्तुळात जे आहेत ते मेलेत की नुसते थांबलेत, हे त्या टेस्टने विचारलेलंच नाही.

यावर एक इतकी साधी युक्ती आहे की मला हेवा वाटतो. २०१७ मध्ये बालाबान यांच्याच जेरुसलेमच्या लॅबमधून आली. सकाळी वर्तुळ मोजून झालं की औषधाची चकती उचलायची आणि त्याच जागी ग्लुकोजची चकती ठेवायची, परत रात्रभर ठेवायचं. औषध एव्हाना पसरून पातळ झालेलं असतं, खायला मिळतं, आणि जे नुसते थांबले होते ते त्या स्वच्छ वर्तुळाच्या आत कॉलन्या करून उगवतात. दोन रुपयांची चकती. आपल्याकडच्या रोजच्या रिपोर्टात हे कुणी करत नाही, करायला हवं असं माझं मत, पण मग त्या निकालावर डॉक्टरने वेगळं काय करायचं याचं उत्तर आत्ता कुणाकडे धड नाही हेही खरं.

आणि मूत्राशयाचं अजून एक. अमेरिकेत सेंट लुईसला स्कॉट हल्टग्रेन यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलंय की ई. कोलाय मूत्राशयाच्या अस्तराच्या पेशींच्या आत घुसतो, तिथे गठ्ठे करतो आणि पुढे काही जण खोलवर गुपचूप पडून राहतात. तिथे औषधही कमी पोचतं. शिवाय हिपएचा तो १९८३ वाला बदल नुसता लॅबमधला खेळ नाहीये, युरिन इन्फेक्शनच्या पेशंटकडून मिळालेल्या ई. कोलायमध्ये तो सापडल्याचं २०१५ मध्ये नेचरमध्ये आलं.

तालुक्याचा_डॉक्टर

धागा उत्तम पण मध्येच ब्रेक लावतो. @नीलपरी, परत परत युरिन इन्फेक्शन म्हटलं की पर्सिस्टर वगैरे फार पुढची गोष्ट. आधी शुगर, सोनोग्राफीत स्टोन, लघवी पूर्ण होते का, हे बघून घ्या. आणि कित्येकदा तो जुना जंतू नसतोच, आतड्यातून नवीनच आलेला असतो. युरॉलॉजिस्टला दाखवा, इथलं वाचून गोळी बदलू नका.

पण टीबीच्या बाबतीत हा विषय मला रोज भेटतो. आमच्या भागातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पेशंटचं निदान समजा पावसाळ्यात झालं, दोन महिने गोळ्या घेतल्या, खोकला गेला, ताप गेला, वजन वाढलं, थुंकी निगेटिव्ह. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. तो म्हणतो डॉक्टर मी आता ठणठणीत, कशाला अजून चार महिने? आणि प्रामाणिकपणे सांगतो, तो ठणठणीत दिसतोही. त्याला काय सांगायचं? मी सांगतो की नव्व्याण्णव टक्के मेलेत, उरलेले झोपलेत, ते उठतील तेव्हा गोळी पोटात पाहिजे. निक्षयवर (सरकारी टीबी नोंदणीवर) कारखान्याच्या गावाला ट्रान्सफर करून देतो. काही जण तिकडे जाऊन घेतात, काही नाही घेत, उन्हाळ्यात परत येतात तेव्हा कळतं.

धागाकर्तीला प्रश्न, टीबीच्या जंतूत ही विषं किती?

पेट्रीडिश

@तालुक्याचा_डॉक्टर, दंडवत. टीबीच्या जंतूत अशा विष-उतारा जोड्या ८० च्या आसपास आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त व्हॅपबीसी नावाच्या एकाच घराण्यातल्या. त्याचाच निरुपद्रवी चुलत भाऊ स्मेग्मॅटिस, जो आम्ही लॅबमध्ये बिनधास्त वाढवतो, त्याच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. त्यामुळे साहजिकच सगळ्यांना वाटतं की टीबी लपून बसतो तो यांच्याच जोरावर.

आणि टीबी लपतो हे फार जुनं ठाऊक आहे. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्नेलमध्ये मॅकक्यून आणि मॅकडरमॉट यांनी टीबी झालेल्या उंदरांना आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही टीबीची औषधं बारा आठवडे दिली. नंतर अवयव वाटून कल्चर केलं तर एक जंतू उगवेना. बरे झाले म्हणून औषध थांबवलं, तीन महिन्यांनी बघतात तर जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या उंदरांत टीबी परत! आणि तो परत आलेला जंतू औषधाला तितकाच सेन्सिटिव्ह.

औषधवाले_काका

पस्तीस वर्षं काउंटरवर बसून काढली, आता मुलगा बघतो. आमच्या सुरुवातीच्या काळात टीबीचा कोर्स दीड दीड वर्षाचा असे, इंजेक्शनं टोचून टोचून माणूस वैतागायचा. रिफाम्पिसिन आलं, मग पायराझिनामाइड धरून सहा महिन्यांवर आलं. पायराझिनामाइड पहिले दोनच महिने का देतात हे मात्र औषध कंपनीचा कुणी एमआर कधी सांगू शकला नाही.

आणि एक. २०१४ पासून शेड्यूल एच-वन आलं, ठरावीक अँटिबायोटिक विकलं की रजिस्टरात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं सगळं लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. पुढे पाकिटावर लाल रेघ आली. तरी गिऱ्हाईक म्हणतंच, "काका त्या तीन कॅपसूल द्या, मागच्यासारख्या".

पेट्रीडिश

@औषधवाले_काका, पायराझिनामाइडचं उत्तर या धाग्याच्या अगदी गाभ्यातलं आहे. ते आंबट वातावरणात आणि मंदावलेल्या जंतूंवर जास्त चालतं, जोमाने वाढणाऱ्यांवर फारसं नाही. आयसोनियाझिडसारखं औषध बरोबर याच्या उलट. त्यामुळे सुस्तावलेले जे मागे राहिले असते त्यांच्यातले बरेचसे पहिल्या दोन महिन्यांतच खलास होतात आणि कोर्स आखूड करता येतो. सुजलेल्या जागी आंबटपणा जास्त असतो, सूज उतरली की त्याचा तेवढा उपयोग राहत नाही, आणि लिव्हरला त्रासही देतं, म्हणून दोन महिन्यांत आवरतं घेतात.

शंकेखोर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून विचारतो. या विषयातले मोठे पेपर मागे घेतले गेले ना? मी कुठेतरी वाचलंय की टॉक्सिनमुळे पर्सिस्टर होतात ही थिअरीच पडली. आणि दुसरं, कुष्ठरोगाचा जंतू टीबीचा सख्खा भाऊ, त्याच्यात म्हणे अशी एकही धड जोडी उरलेली नाही. तरी त्याचे उपचार बारा बारा महिने चालतात. मग विष कशाला हवंय?

पेट्रीडिश

@शंकेखोर, याचीच वाट बघत होते. चहा घेऊन बसा.

हो, पेपर मागे घेतले गेले. केन गेर्डेस हे या क्षेत्रातले दादा माणूस, विष-उतारा जोड्यांवर ऐंशीच्या दशकापासून काम. २०११ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की ई. कोलायमधली एमआरएनए कापणारी दहा विषं एकेक करत काढून टाकली तर पर्सिस्टर पायरी पायरीने कमी होत जातात. २०१३ मध्ये पुढची साखळी आली, पीपीजीपीपी वाढतं, त्याने पॉलिफॉस्फेट साचतं, त्याने लॉन नावाचं प्रथिनं चावणारं एन्झाइम उताऱ्याच्या मागे लागतं, विष मोकळं होतं, पेशी थांबते. इतकी देखणी साखळी की सगळ्यांच्या स्लाइडवर तीच आकृती. आमच्या एमएस्सीच्या पोरांनी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत.

मग घोळ सापडला. ती दहा जनुकं काढताना, म्हणजे एक काढा, वाढवा, दुसरं काढा, वाढवा, असं करताना त्या स्ट्रेनमध्ये (जंतूच्या वाणात) फाय-एटी नावाचा फेज शिरला होता. फेज म्हणजे जंतूंना लागणारा व्हायरस. हा पठ्ठ्या जंतूच्या डीएनएत गपचूप जाऊन बसतो आणि डीएनएला धक्का बसला की जागा होऊन पेशी फोडून बाहेर येतो. आता प्रयोगात सिप्रोसारखं औषध टाकलं की डीएनएला धक्का बसतोच. फेज उठला, पेशी फुटली, प्लेटवर कॉलन्या कमी. बघणाऱ्याला वाटलं विषं काढली म्हणून पर्सिस्टर घटले, प्रत्यक्षात ते व्हायरसने फोडले होते. फाय-एटी लॅबमध्ये फ्रीजर ते फ्रीजर फिरणारा जुना पापी आहे, कल्चर बघून काही कळत नाही.

आणि हे शोधून जगासमोर मांडलं कुणी, तर गेर्डेस यांच्याच गटाने, २०१७ च्या शेवटी. ब्रसेल्सच्या एका गटाने फेज नसलेली स्वच्छ दहा-जनुक-वजा स्ट्रेन बनवून २०१८ मध्ये दाखवलं की पर्सिस्टर तेवढेच राहतात. त्याच वर्षी ते दोन्ही पेपर मागे घेतले गेले. इतक्या वरच्या माणसाने आपणच आपल्या इमारतीला सुरुंग लावणं रोज बघायला मिळत नाही, म्हणून मला त्यांच्याबद्दल उलट आदर वाढला.

आता पडलं काय आणि उरलं काय. पडलं ते हे, की ई. कोलायमध्ये रोजच्या परिस्थितीत पर्सिस्टर होतात ते त्या दहा एमआरएनए कापणाऱ्या विषांमुळे. उरलं ते हिपएचा म्युटंट, तो वेगवेगळ्या लॅबनी तपासलाय आणि पेशंटमध्येही सापडलाय. उरलं ते सिप्रो आणि टिसबीचं. आणि साल्मोनेला, तो आपल्या मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणाऱ्या पेशीच्या) पोटात गेला की थांबतो, त्यात त्याच्या एका विषाचा हात आहे, टॅकटी, टीआरएनएवरच्या अमिनो आम्लाला अॅसिटिल चिकटवून निरुपयोगी करतं, तेव्हा लंडनला असलेल्या सोफी हेलेन यांच्या गटाचं काम. म्हणजे विषं हा थांबण्याचा एक रस्ता आहे, एकमेव रस्ता नाही. एटीपी नुसतं कमी झालं तरी पेशी थांबते आणि वाचते, ते कुठल्याही विषाशिवाय होऊ शकतं. टीबीच्या त्या ८० जोड्यांबद्दल बोलताना आम्ही जास्त जपून बोलायला हवं, सुटी विषं आरएनए कापतात हे पक्कं आहे, माणसाच्या फुप्फुसात औषध चालू असताना त्यातली कुठली किती कामाला येतात हे नाही.

कुष्ठरोगाचं उदाहरण नामी आहे. त्याच्या जीनोमचा निम्मा भाग मोडकळीला आलाय, त्यात या जोड्याही गेल्या. पण तो जंतू दुप्पट व्हायलाच बारा चौदा दिवस घेतो! ई. कोलाय वीस मिनिटं, टीबी वीसेक तास, आणि हा पंधरवडा. त्याला थांबायला विष कशाला लागेल, तो मुळातच थांबत थांबत चालतो.

वऱ्हाडी_ठेचा

मंग हे जहर त्यायच्याकडे आलंच कायले? औषध तर आत्ता आत्ता आलं, जंतू तर कधीचे हायेत.

पेट्रीडिश

@वऱ्हाडी_ठेचा, धाग्यातला सर्वात मूलभूत प्रश्न. या जोड्या पहिल्यांदा ओळखल्या गेल्या त्याच १९८३ साली, पण वेगळ्याच कारणासाठी. ओगुरा आणि हिरागा यांना ई. कोलायच्या एफ प्लास्मिडवर सीसीडी नावाची जोडी सापडली. प्लास्मिड म्हणजे डीएनएचं सुटं कडं. विभागताना एखाद्या पिल्लाला ते मिळालंच नाही, तर त्याच्या अंगात आईकडून आलेलं थोडं विष आणि थोडा उतारा असतो, उतारा लवकर संपतो, नवा बनवायचं जनुक तर गेलेलं, विष मोकळं होतं आणि पिल्लू मरतं. म्हणजे प्लास्मिड सांगतं, मला सोडलंस तर जिवंत राहणार नाहीस. निव्वळ खंडणी! आणि यातला बारकावा असा की अँटिबायोटिक रेझिस्टन्सची जनुकं पुष्कळदा अशाच प्लास्मिडवर बसलेली असतात, त्यामुळे आपण औषध देणं थांबवलं तरी ती प्लास्मिडं सहज निघून जात नाहीत.

दुसरं काम फेजपासून बचावाचं. फेज घुसला की विष सुटतं, ती पेशी थांबते किंवा मरते, फेजला तिच्यात पिल्लं काढता येत नाहीत आणि शेजारच्या भावंडांचा जीव वाचतो. बऱ्याच जणांना आता हेच मुख्य काम वाटतं, मलाही. अँटिबायोटिकपासून वाचणं हा त्यातून निघालेला जोडफायदा असावा.

नीलपरी

सोनोग्राफी केली. स्टोन नाही, शुगर नॉर्मल. पुढच्या आठवड्यात युरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट आहे. @तालुक्याचा_डॉक्टर धन्यवाद. एक विचारू का, मला कुणीतरी म्हणालं की कोर्स पूर्ण करा हा सल्लाच आता जुना झालाय?

तालुक्याचा_डॉक्टर

२०१७ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला होता, मार्टिन लेवेलिन आणि मंडळींचा, बराच गाजला. त्यांचं म्हणणं असं की बऱ्याच साध्या इन्फेक्शनमध्ये सात दहा दिवसांचे आकडे सवयीने आलेत, कमी दिवसांतही तेवढाच गुण येतो, आणि जास्त दिवस दिल्याने उलट आतड्यातल्या बाकीच्या जंतूंना रेझिस्टन्स यायला वाव मिळतो. न्यूमोनियाला हल्ली पाच दिवस पुरतात, बरा होणारा पेशंट असेल तर. पण याचा अर्थ डॉक्टरने आधीच कमी दिवस लिहावेत असा आहे, पेशंटने मनाने तिसऱ्या दिवशी थांबावं असा नाही. आणि टीबीला हे लागू नाही. नाही म्हणजे नाही. माझ्या पेशंटनी हा धागा वाचू नये म्हणजे झालं.

पेट्रीडिश

डॉक्टरांशी सहमत, फक्त एक भर. रेझिस्टन्स आणि हे चिवटपण वेगळं असलं तरी एकमेकांना अनोळखी नाही. २०१७ मध्ये प्रयोगात ई. कोलायला रोज ठरावीक वेळ अँपिसिलिन दिलं तर आधी टिकून राहणारे म्युटंट आले आणि मग त्यांच्यातूनच रेझिस्टंट उगवले. सरळ आहे, जो जिवंत उरतो त्यालाच बदलायची संधी मिळते.

औषधवाले_काका

मग या झोपलेल्यांना मारणारी गोळी निघाली आहे का? निघाली असेल तर मुलाला स्टॉक ठेवायला सांगतो.

बॉस्टनवासी

काका, लुईसच्या लॅबमध्ये तपासलेलं एक रसायन आहे, एडीईपी. २०१३ मध्ये नेचरमध्ये आलं होतं. जंतूत क्लिपपी नावाचं प्रथिनं चावणारं पिंप असतं, त्याचं तोंड नेहमी बंद, निवडक माल आत ढकलायला एटीपी खर्च करावं लागतं. एडीईपी ते तोंड उघडं करून ठेवतं. मग एटीपी नसलं तरी पिंप समोर येईल ते प्रथिन चावत सुटतं, झोपलेली पेशी झोपेतच स्वतःला खाऊन टाकते. रिफाम्पिसिनबरोबर दिलं तर उंदरांच्या मांडीतलं स्टॅफचं (स्टॅफिलोकोकसचं) खोल इन्फेक्शन पूर्ण गेलं.

शंकेखोर

आणि जंतूने क्लिपपीचं जनुकच टाकून दिलं तर? त्याच्यावाचून अडणारे का त्याचं?

पेट्रीडिश

@शंकेखोर, स्टॅफचं अडत नाही आणि तो टाकतोही, म्हणूनच एकट्या एडीईपीला रेझिस्टन्स लवकर येतो आणि जोडीला रिफाम्पिसिन लागतं. क्लिपपी नसलेला स्टॅफ लेचापेचा असतो, उष्णता वाढली की वाढ मंदावते, रोग करायची ताकदही कमी, त्याला दुसरं औषध सहज गाठतं.

@औषधवाले_काका, स्टॉक नका ठेवू, बाजारात त्यातलं अजून काही आलेलं नाही.